हळकुंड बांधलेले मेज

(वहीचे पहिले पान मी नेहमी कोरे ठेवते. ते आज, ४ एप्रिल १९४६ रोजी, भरले.)

घडले ते असे:

१. जानेवारीत मी बोरीला आमच्या रिकाम्या गोठ्यात सुतारकामाची जागा उभी केली.

२. परभणीच्या मुलींच्या नव्या शाळेत हस्तकामाची शिक्षिका हवी होती. त्यासाठी माझ्या हातच्या सहा वस्तू मार्चअखेर तिथे दाखवायच्या होत्या.

३. सहा वस्तू मी केल्या. त्यांतल्या पाच माझा थोरला भाऊ सांबप्पा, म्हणजे अण्णा, शाळेत पोचवतो म्हणून घेऊन गेला.

४. त्या शाळेत पोचल्या नाहीत. गंगाखेडला एका घरी पोचल्या.

५. त्या घरातल्या मुलाशी माझे लग्न ठरले आहे. मला विचारलेले नव्हते. सांगितलेलेही नव्हते.

६. परवा गोठा रिकामा झाला.

कारणे लिहिलेली नाहीत. पुढच्या नोंदी त्या त्या दिवशीच्या आहेत. त्यांतला एकही शब्द बदललेला नाही. काही ठिकाणी बदलावासा वाटला.

१२ जानेवारी, शनिवार. बोरी

अण्णाबरोबर मोटारीने परभणीला जाऊन आले. शाळा जूनमध्ये सुरू होणार. मुख्याध्यापिका सुमनबाई चाळिशीच्या, बोलणे तुटक. मला आवडल्या. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे माझे प्रशस्तिपत्र त्यांनी दोनदा वाचले.

"लाकूडकाम? मुलींना?"

मी म्हटले, शिवणात कापड मापतात, यात लाकूड. माप तेच.

त्या हसल्या नाहीत, पण खुर्ची पुढे ओढून बसल्या. "आमच्या समितीतले लोक कागदाला भीक घालत नाहीत. तुमच्या हातच्या सहा वस्तू मला मार्चअखेर या टेबलावर दिसल्या पाहिजेत. मग तुमचे नाव मी लावून धरते."

वस्तूंना हत्यारे हवीत, हत्यारांना जागा. दोन्ही नाहीत. वसतिगृहाने अनामत परत केली आहे, तेवढेच भांडवल.

परतताना झरीला मोटार थांबली. अण्णा खाली उतरून पान खाऊन आला आणि म्हणाला, "गोठा रिकामाच हाय की. घे तुला."

"आईला चालेल?"

"आईला मी बघतो. तू पुन्यांदा पुण्याला न्हाई गेलीस म्हंजे झालं."

बाबा गेल्यापासून घर आणि दुकान दोन्ही तोच बघतो. माझ्या शिकण्याला त्याने कधी अडवले नाही, पण असे आपणहून काही दिलेही नव्हते. त्याला माझी किंमत कळू लागली असावी.

१७ जानेवारी, गुरुवार

पूर्ण्याला रेल्वेतला एक मिस्त्री नोकरी संपवून गावी निघाला आहे. तो हत्यारे विकतो असे अण्णाला दुकानात कळले. आज जाऊन आलो.

मी आधीच ठरवले होते: ज्याला धार असते ते विकत घ्यायचे, ज्याला नसते ते घरी करायचे. त्याप्रमाणे एक विलायती लोखंडी रंधा, एक करवत, तीन पटाश्या घेतल्या. धार नसली तरी काटकोन तपासायचा गुण्याही घेतला. लाकूड घट्ट पकडायचा शिकंजा घेतला नाही. ठोकायची मोगरी बाभळीची करता येईल. रेघ आखायचे साधन खिळा आणि खुंटी यांचे होते.

करवतीवर अण्णाने घासाघीस केली. "मिस्त्रीसाहेब, हिला दात हायेत का निस्त्या हिरड्या?" मिस्त्री हसला आणि पटाशीची लाकडी मूठ वर फुकट दिली. अण्णा खरेदीला असला की असे होते.

घरी येऊन रंध्याचे पाते काढले. गंज वरवरचा होता. धार लावायला सपाट दगड हवा. वैनीचा फुटका पाटा परसात पडला होता, तो उचलला.

"वन्सं, तो माझ्या म्हायेरचा हाय!" वैनी म्हणाली.

"फुटलेला आहे."

"फुटला म्हणून काय म्हायेरचा न्हाई का?" मग स्वतःच पाणी आणून दगडावर ओतू लागली. वैनीचे नाव नीलम्मा. वयाने माझ्याहून तीनच वर्षांनी मोठी आहे, दोन मुलांची आई आहे आणि कुठल्याही गोष्टीवर हसू शकते. मला ते जमत नाही.

२३ जानेवारी, बुधवार

मेज उभे राहिले.

वरची फळी म्हणजे जुन्या दाराचा एक पल्ला. पाय बाभळीचे. बाभळीचा ओंडका उभा चिरायला दोन माणसे लागतात. करवतीचे दुसरे टोक अण्णाने धरले. दुकान वैनीवर सोडून तो दोन दिवस दुपारी येत होता. पहिल्या दिवशी तो करवत ढकलायचा. मी सांगितले, ढकलायची नाही, आपल्याकडे फक्त ओढायची. दुसऱ्याने ओढली की सैल सोडायची. दुसऱ्या दिवशी जमले. मग आम्ही बोललोच नाही, बोलायची गरज पडली नाही.

उंची: उभे राहून हात सरळ खाली सोडला की तळवा जिथे टेकेल तिथे. ती माझ्या तळव्याची आहे. दुसऱ्या कोणाला हे मेज बसणार नाही.

पाय खिळ्यांनी ठोकलेले नाहीत. पायाचे निमुळते टोक, म्हणजे कुसू, खाचेत घालून पाचरी मारल्या आहेत, म्हणजे कधी हलवायचे झाले तर सुटे करता येईल. शिकंज्याच्या जागी कडेला एक खाच आणि लाकडी पाचर. फळी तीत धरते, हलत नाही.

हत्यारे टांगायला दुकानातल्या रॉकेलच्या खोक्यांच्या फळ्या. त्यांना अजून वास येतो.

वैनी बघून म्हणाली, "मला वाटलं बाज करायलात. निजायचं का ह्याच्यावर?" आई दारापर्यंत आली, बघून गेली.

२९ जानेवारी, मंगळवार

गावचा सुतार आश्रुबा आला. आत पाऊल न टाकता उंबऱ्यावरून सगळे निरखले.

"ताई, एका गावात दोन सुतार झाले तर मोडका नांगर कुणाच्या दारात ऱ्हाईल?"

मी सांगितले, मी नांगर करणार नाही. शाळेसाठी वस्तू करायच्या आहेत.

"आज वस्तू, उद्या तिफण. माझं बलुतं हाय. आज्यापासनं हाय. घरटी ज्वारी येती त्याच्यावर आमी जगतो. तुमच्या घरानं हत्यार धरलं, तर उद्या पाटलाचं घर धरंल."

त्याचे म्हणणे चुकीचे नाही. गावात दुसऱ्याने हत्यार मांडायचे तर त्याची संमती लागते. ती मी मागितली नव्हती. मागायची असते हे मला ठाऊक नव्हते; अकराव्या वर्षापासून मी पुण्याला. मी त्याला तसे म्हटले आणि विचारले, संमती कशी मागतात?

"पोरीबाळींनी मागायची नसती. अण्णाला धाडा."

३१ जानेवारी, गुरुवार

मिटले. काल आश्रुबा आणि अण्णा दुकानाच्या ओट्यावर बराच वेळ बोलत होते. आज आश्रुबा नारळ घेऊन आला, तोही हसत. मेजाला हळदकुंकू लावले, नारळ फोडला आणि मेजाच्या पुढच्या पायाला सुतात ओवलेले हळकुंड बांधले.

मी विचारले, हे कशाला?

"आमची रीत हाय. पयल्या लाकडाला बांधायचं."

हळदीने लाकडाला कीड लागत नाही असे मानतात. त्यावरून रीत पडली असावी.

शेजारच्या धुरपताबाई नारळाचा प्रसाद घ्यायला आल्या होत्या. हळकुंड बघून त्यांनी वैनीकडे पाहिले आणि दोघी तोंडाला पदर लावून हसत बाहेर गेल्या. मी हत्यारे मांडते म्हणून हसत असाव्यात. चालेल.

जाताना आश्रुबाने माझा रंधा उचलला, पाते अंगठ्यावर फिरवले, उजेडाकडे धरून पाहिले. "चांगलाय. जपून वापरा बरं का ताई. धार उतरू देऊ नका. आन् ओल्या हातानं धरू नका." परक्या हत्याराची इतकी काळजी! खरा कारागीर आहे.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

अण्णा माल आणायला परभणीला गेला होता. शाळेत डोकावून आला. सुमनबाईंनी सहा वस्तूंची यादी तोंडी सांगितली म्हणे: दोन पाट, एक चौरंग, झाकणाची एक पेटी, एक पोळपाट आणि खेळण्यातला पाळणा.

मला पाटीची चौकट आणि पुस्तक ठेवायची घोडी अपेक्षित होती. पोळपाट कशाला? आणि पाळणा?

"आता मला काय ठावं? पोरींची शाळा हाय. पोरींच्या कामाचं सांगितलं असंल."

पटण्यासारखे आहे. पाळण्यात निदान बारीक सांधे दाखवता येतील.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

पहिला पाट वाकला. चुलीपुढे ठेवला तर एक कोपरा सुपारीएवढा उचलला जातो. कडुलिंब ओला होता. मला तो ओला आहे हे ठाऊक होते. हातात घेताच गार लागला होता. घाई केली. दुसरी काही सबब नाही.

वैनी त्याच्यावर बसून डुलून दाखवू लागली. "हा पाट का पाळणा? एकात दोन झालं की वन्सं!"

संध्याकाळी अण्णाने सागाच्या फळ्या आणल्या. कोरड्या, सरळ धाग्याच्या, एकही गाठ नाही. नांदेडहून कोणाच्या तरी गाडीत मागवल्या होत्या. मी म्हटले, नमुन्यांना इतके भारी लाकूड लागत नाही, कडुलिंब वाळला की पुरेल.

"ऱ्हाऊ दे. चार लोकांत आपल्या घरची वस्तू दिसणार. हलकी कशाला?"

मी आभार मानले नाहीत. आमच्यात तशी पद्धत नाही. पण लिहून ठेवते.

२४ फेब्रुवारी, रविवार

शाळा-समितीतले लोक जागा बघायला आले. अण्णाने सकाळीच सांगितले. वैनीने मला हिरवे लुगडे नेसायला लावले. मी म्हटले, भुसा उडेल. "उडू द्या."

एक वृद्ध गृहस्थ, कपाळावर विभूती. आपल्यातलेच, लिंगायत निघाले. त्यांच्या बरोबर त्यांची पत्नी आणि पंचविशीचा एक तरुण, त्याचे नाव लिंगराज. तो समितीचा कारकून असावा. कोणी स्पष्ट सांगितले नाही.

बाईंनी विचारलेले प्रश्न: केस किती लांब आहेत. स्वैपाक येतो का. दात सगळे स्वतःचे का. दारापासून मेजापर्यंत एकदा चालून दाखव. मी उत्तरे दिली, चालून दाखवले आणि मनात खटकले.

मग मी पेटीचा कोपऱ्याचा सांधा करून दाखवला. बाई शेणाने सारवलेल्या भिंतीकडे बघत होत्या. लिंगराज मात्र वाकून बघत होता. त्याने सांध्यावर बोट ठेवले.

"हितं फट हाय का?"

"नाही. ती रेघ आहे. नख घालून बघा."

त्याने घालून बघितले. शिरले नाही. "खरंच की," म्हणाला. मग विचारले, "हे समदं शिकून तुमी करणार काय?"

मी म्हटले, "शाळेत शिकवणार. तुमच्या समितीने ठेवले तर."

तो एकदम गप्प झाला. त्याने अण्णाकडे पाहिले. अण्णा म्हणाला, "चला, चहा निवायलाय."

ते गेल्यावर मी अण्णाला सरळ विचारले, ही माणसे कोण होती?

"सांगितलं की. शाळेची."

"शपथ?"

त्याने गळ्यातल्या लिंगाला हात लावला. "शाळेची माणसं होती. झालं समाधान?"

आई तिथेच वाती वळत होती. लिंगाला हात लावून आमच्या घरात कोणी खोटे बोलत नाही. बाबा तर ती शपथ घ्यायचेच नाहीत. मी पुढे विचारले नाही. समितीत जुन्या वळणाचे लोक असावेत. मुलींच्या शाळेत शिक्षिकेची चालचलणूक बघत असतील.

१० मार्च, रविवार

पाच वस्तू झाल्या. जवसाचे तेल तीनदा दिले आहे. सागाचा रंग मधासारखा आला. पेटीचे झाकण बंद होताना आतली हवा बाहेर पडते तिचा आवाज येतो. झाकण बरोबर बसल्याची ती खूण. मी ती वीस-पंचवीस वेळा उघडून बंद केली. आवश्यकता नव्हती.

अण्णाने गोणपाटात, मध्ये कडबा घालून, व्यवस्थित बांधून नेल्या. पाळणा राहिला, त्याला वेळ लागेल.

रात्री परतला. पोचल्या म्हणाला. "लोक बघतच ऱ्हायले." सुमनबाईंनी माझ्यासाठी खण दिला आहे, जांभळा, जरीकाठी. इतक्या तुटक बाई, आणि खण! नेमणूक पक्की झाल्याची ही त्यांची रीत असावी.

आज मी वैनीबरोबर हसले. कशावर ते आठवत नाही.

२९ मार्च, शुक्रवार. परभणी, शाळेच्या व्हरांड्यात

पाळणा काल झाला. अण्णाला ताप आहे. दिवस थोडे उरले म्हणून मीच घेऊन निघाले. आईला सांगितले, ती "थांब" म्हणाली, पण का ते म्हणाली नाही. धुरपताबाई मोटारीत बरोबर होत्या. त्यांना बाजारात काम होते.

सुमनबाईंनी मला पाहिले, पाळण्याला पाहिले.

मी म्हटले, "सहावी वस्तू. पाच आधी पोचल्या आहेत."

"कुठे?"

"इथे. अण्णाने आणून दिल्या. तुमच्या यादीप्रमाणे."

"मी यादी दिलेली नाही. तुमचे भाऊ फेब्रुवारीत येऊन गेले. म्हणाले, उमाचं लग्न वैशाखात आहे, ती आता नोकरीचं काही करणार नाही. मी तुमच्यासाठी खण दिला."

"मिळाला. मी वेगळे समजले."

"काय समजलात?"

"नेमणूक."

त्या थोडा वेळ पाळण्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरी, नेमणुकीला कोणी खण देतं का?"

मी विचारले, जागा भरली का? नाही. मंगळवारी, ९ तारखेला, त्यांना समितीपुढे नाव ठेवायचे आहे. दुसरे नाव आहे, विणकामाच्या बाईंचे. वस्तू आदल्या दिवशी, सोमवारपर्यंत टेबलावर आल्या तर त्या माझेच नाव ठेवतील. नुसत्या शब्दावर ठेवणार नाहीत. बरोबर आहे. मीही ठेवले नसते.

परतीच्या मोटारीत धुरपताबाईंना विचारले, माझे लग्न कुठे ठरले आहे?

"आगं बया," त्या म्हणाल्या, "हे काय इचारणं? गंगाखेडला. तुला बघून गेले की, त्या लिंगराजाच्या घरी. तुझ्या हातचं रुखवत त्यांनी आताच सोप्यात मांडलंय म्हणं. पाट, चौरंग, पेटी. येईल जाईल त्यो बघायलाय."

पाट, चौरंग, पेटी, पोळपाट, पाळणा. रुखवतात दुसरे काय असते?

३० मार्च, शनिवार

अण्णा दुकानात होता. ताप उतरला आहे. तूरडाळ मापत होता. मी येऊन उभी राहिले तरी तराजू खाली ठेवला नाही.

"कळलं म्हण की," तो म्हणाला.

"मला का विचारले नाही?"

"इचारलं असतं तर काय म्हणली असतीस?"

"नाही."

"मग? न्हाईच म्हणणार हे ठावं असताना इचारायचं कशाला? गिऱ्हाईक घेणार न्हाई हे ठावं असलं तर मी भाव सांगत बसत न्हाई."

"लिंगाला हात लावून सांगितलेस."

"लिंगाला न्हाई लावला. सदऱ्याच्या गुंडीला लावला. तुला तसं दिसलं त्याला मी काय करू?"

मी लक्षात आणून पाहिले. हात छातीवर होता, एवढे नक्की. बोटे कुठे होती ते मी बघितले नाही. ज्या गोष्टी मी मापून घेत नाही त्यांतली ती एक होती.

"उमे, मी तुझं वाईट केलं का?" त्याचा आवाज खाली आला. "पोरगा चांगला, घर चांगलं. गोठा दिला, साग आणला. तू घरात राहिलीस, खूश होतीस. दोन म्हयने तुला हसताना बघितलं. न्हाईतर पुण्याला गेली असतीस, आमी कुठं शोधलं असतं?"

हे तो खोटे बोलत नव्हता. तेच अवघड आहे.

स्वैपाकघरात वैनीने सगळे सांगितले, आता लपवायचे काही उरले नाही म्हणून असेल. गंगाखेडच्या बाईंचे म्हणणे: हुन्नर घेऊन ये, हत्यार घेऊन येऊ नको. आमच्याकडे बायका लाकूड कापत नसतात. अण्णाने कबूल केले.

"आणि तू?" मी विचारले.

"मी काय, वन्सं? मला कोणी इचारलं होतं का?" ती हसली नाही. मग तिने तव्यावरची भाकरी उलटली. "मला वाटलं, त्या दिवशी चालून दाखवलंत तवा कळलं असंल. इतकी शिकलेली तुमी. समद्या गावाला कळलं, शेंबड्या पोरांना कळलं. तुमालाच कसं न्हाई कळलं?"

आई म्हणाली, "तुझ्या वस्तू लोक नावाजायलेत म्हणं." तिला ते सांत्वन वाटते.

२ एप्रिल, मंगळवार

आश्रुबा बैलगाडी घेऊन आला. अण्णा बरोबर नव्हता.

"ताई, न्यायचं सांगितलंय."

"काय?"

"हत्यारं. आन् मेज. मला शब्द दिल्ता. लगीन होऊस्तोर तुमी वापरायचं, मंग माझं. लग्नाचा मान म्हून. एरवी मी कशाला कबूल झालो असतो?" तो रंध्याकडे बघत होता. "खरं तर लगीन झाल्यावर. पर अण्णा म्हणला, आताच घेऊन जा, घरात कटकट नगं."

"हळकुंड कशाला बांधले होतेस?"

"लग्नाच्या कामाला बांधत्यात की. आन् कशाला?" मग माझ्या तोंडाकडे बघून तो थांबला. "ताई, तुमाला ठावं नव्हतं?"

त्याने डोक्यावरचे मुंडासे काढून पुन्हा घातले. "मला वाटलं पुण्याची रीत असंल, असं न कळल्यावाणी वागायची." मग म्हणाला, "वाईट झालं." पण गाडी रिकामी नेली नाही. त्याचेही पोट आहे, आणि त्यालाही शब्द मिळाला होता. मला मिळालेल्या शब्दापेक्षा तो पक्का निघाला.

मेज दारातून निघेना. आतच बांधलेले, बाहेर कसे निघणार? आश्रुबाने कुऱ्हाडीकडे पाहिले. मी म्हटले, थांब. मोगरी घेतली, एकेका पायाची पाचर खालून ठोकून काढली, कुसू खाचेतून सुटे केले. चारही पाय शाबूत निघाले, एकही चीर नाही. त्याने पाय गाडीत भरले, वर फळी, फळीवर हत्यारे. मोगरी मी मागितली. ती मी केलेली होती, विकत घेतलेली नव्हती. त्याने दिली.

जमिनीवर मेजाच्या चार पायांचे चार चौकोन उमटले आहेत.

४ एप्रिल, गुरुवार

काल पाडवा झाला. अण्णाने कडुलिंबाचा पाला आणि गूळ माझ्या हातावर ठेवला, मी खाल्ला. आम्ही बोललो नाही.

सकाळी पहिले पान भरले. त्यात जे बसले नाही ते एवढेच: करवतीचे दुसरे टोक त्याने धरले होते. ओढून घ्यायचे आणि सैल सोडायचे, हे मी त्याला शिकवले. त्याला क्रमांक देता आला नाही.

अण्णावर रागावून वस्तू परत येणार नाहीत. आईला विचारून शपथ खरी होणार नाही. वस्तू गंगाखेडला आहेत, तेव्हा पत्र गंगाखेडला. बोरीची टपालपिशवी आमच्याच दुकानात उघडते, म्हणून धुरपताबाईंच्या हाती. त्या उद्या गंगाखेडला गोदेच्या स्नानाला निघाल्या आहेत. त्यांनी विचारले, "लगीन मोडायचं पत्र हाय का?" मी म्हटले, वस्तू मागायचे आहे. त्या म्हणाल्या, "एकच की ते," आणि पत्र चोळीत खोवायला हात पुढे केला. सोमवारी सकाळच्या मोटारीने मी परभणीला जाईन, उत्तर येवो न येवो. आईला तसे सांगितले आहे.

पत्राची नक्कल:

श्री. लिंगराज यांस,

आपण २४ फेब्रुवारीला आमच्या गोठ्यात आला होता. आपण कोण आहात हे मला त्या दिवशी खरे सांगितलेले नव्हते. ते मला २९ मार्चला कळले.

आपल्या सोप्यात मांडलेले दोन पाट, चौरंग, पोळपाट आणि पेटी हे रुखवत नाही. परभणीच्या शाळेतल्या जागेसाठी मी केलेले ते नमुने आहेत. ते टेबलावर आले नाहीत तर जागा दुसरीकडे जाईल. ते पुन्हा करायला माझ्याजवळ आता हत्यारे नाहीत.

लग्नाला माझा होकार नाही. तो कोणी मागितला नव्हता, म्हणून नकारही आजवर दिला गेला नाही. आपल्याविषयी माझी तक्रार नाही. सांधा आपण नीट बघितला होता.

दोन गोष्टी विचारते. पहिली: पाचही वस्तू परभणीला शाळेत पाठवाल का? दुसरी: मी शाळेत शिकवणार म्हटले तेव्हा आपण गप्प झालात. मला खरे सांगितलेले नाही, हे आपल्याला आधीपासून ठाऊक होते, की तेव्हा कळले? तेव्हा कळले असेल तर नंतरचे सहा आठवडे आपण काय केले, तेही लिहावे.

दोन्हींचे उत्तर सोमवार, ८ एप्रिलपर्यंत परभणीला शाळेच्या पत्त्यावर द्यावे.

उमादेवी